निळीचा डावा हात

कालपासून मला शिंका सुरू झाल्या आहेत, म्हणजे माहेरी खारबावला भात कापायला लागले असणार. टेमघरच्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून शेत काही दिसत नाही. खिडकीतून दिसतो तो समोरच्या लूमच्या कारखान्याचा पत्रा आणि त्यावर वाळत घातलेल्या गोधड्या. पण माझ्या नाकाला कसं कळतं कोण जाणे. आमचे हे म्हणतात, कापसाची धूळ आहे ती. आता कापसाच्या धुळीत मी लग्न झाल्यापासून राहतेय, तिची शिंक वेगळी आणि भाताच्या कुसाची शिंक वेगळी, एवढं मला समजतं. आणि सकाळी दादाचा फोन आलाच. "शोभे, ताडपत्री घ्यायला येतोय भिवंडीत. चाय टाक."

माझा हा थोरला भाऊ वर्षातून दोनदाच आपणहून फोन करतो, लावणीला आणि कापणीला. आजूबाजूच्या शेतांत गोदामं उभी राहिली, पण त्याने स्टेशनपलीकडचे दोन तुकडे अजून भातालाच ठेवलेत. फोन ठेवला, चहाचं पातेलं काढलं आणि मला गेल्या वर्षीची कापणी आठवली. खरं सांगायचं तर आठवली असं नाही, ती माझ्या डोक्यातून गेलेलीच नाही. त्या कापणीत आमच्या घरात एक उडणारी बाई आली होती.

उडणाऱ्या माणसांशी माझं कधीच जमलं नाही. मी पालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली मुलं टॉवेल पाठीला बांधून बाकावरून उड्या मारतात आणि पट्ट्या मला बांधाव्या लागतात. त्यातून ह्या असल्या गोष्टींतली माणसं मला फसवी वाटतात. इमारत उचलली तरी कपाळावर घाम नाही! आमच्या वहिनीला विचारा, एक दमट भारा बांधावरून खळ्यापर्यंत नेला की मानेचं काय होतं ते. त्यामुळे मोबाइलवर नवी मालिका आलीय, आपल्याकडची सुपरहिरो आहे, बाई आहे, नाव निळी, निळा पोशाख घालते, चेहरा झाकते आणि जुन्या गिरण्यांच्या छपरांवरून उड्या मारते, असं शाळेत कळलं तेव्हा मी वह्या तपासत होते आणि तपासतच राहिले.

पण त्या आठवड्यात दुसरा विषयच नव्हता. स्टाफरूममध्ये दोन तट पडले. एक म्हणे, आपल्याकडे असलं काही होईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. दुसरा म्हणे, परदेशातलं बघून केलंय, त्यापेक्षा झोप काढावी. गणिताच्या बाई सगळे भाग बघून रडल्या आणि तरी म्हणाल्या की मधले दोन भाग नुसते ओढलेत. शिपाईमामांना गोष्ट पटली, पण निळीने शेवटी लग्न करायला हवं होतं असं त्यांचं म्हणणं. मोबाइलवर तर लोक एकमेकांच्या उरावर बसले होते. मत द्यायला काय, एक बोट पुरतं. त्या बाईच्या चालण्यापासून बुटापर्यंत सगळ्यावर कोणी ना कोणी बोट ठेवलं होतं.

शेजारच्या नसीमाभाभींना मात्र ती मनापासून आवडली. त्यांचे मियाँ लूमवर दिवसपाळी करतात, त्यामुळे दुपारी त्या आणि त्यांची आठ वर्षांची शबनम आमच्याकडे टीव्ही बघायला येतात. त्यांच्यामुळे मलाही मोबाइल टीव्हीला जोडून ही मालिका बघावी लागली. चौथा भाग चालू होता. निळी एका छपरावर उभी, समोरच्या छपरावर अडकलेली मुलं, मध्ये खोल गल्ली. ती खाली बसली, पत्र्याला हात लावला, तोच कपाळाला लावला आणि धावत सुटली. मग ती उडी. गल्लीच्या अगदी मधोमध ती हवेत असताना मी मोठ्याने म्हणाले, "काय खोटं आहे! सगळं कॉम्प्युटरवर केलेलं. मूर्ख समजतात आपल्याला."

माझ्या मागे जमिनीवर बसून दर्शना जेवत होती. दर्शना म्हणजे ह्याच दादाची मुलगी. तेव्हा ती मानकोलीच्या एका गोदामात होती, खोक्यांवरचे शिक्के मशीनने वाचायची ड्युटी. सकाळची शिफ्ट संपली की वाटेत माझ्याकडे जेवून खारबावला जायची. तिचा घास हातातच राहिला.

"आत्या, ती उडी खरी आहे," ती म्हणाली. "मी मारलीय."

मला आधी कळलंच नाही. ती सिनेमातल्या मारामाऱ्यांचं काम शिकलीय, नट्यांच्या बदल्यात उड्या मारते, हे घरात माहीत होतं. कबड्डीत तालुक्यापर्यंत खेळलेली पोर, अंगात रग होती. पण कुठल्या मालिकेत, कोणाच्या बदल्यात, हे सांगायचं नाही म्हणून तिने कागदावर सही केली होती. आम्हाला एवढंच कळलं होतं की एक दिवस ती उजवं मनगट प्लास्टरमध्ये घालून घरी आली. दादाने प्लास्टर पाहिलं, ताटावरून उठला आणि म्हणाला, "मना पोर पायजे, पिच्चर नको." त्यानंतर त्या कामाचं नाव त्या घरात कोणी काढलं नाही. बापलेक एकाच घरात राहायचे, भात वाढ, पाणी दे, एवढंच बोलायचे. गोदामाची नोकरी दादानेच ओळखीतून बघून दिली होती.

मी भाग संपेपर्यंत थांबले. शेवटी नावं येतात ना, तर ती यायच्या आत हा मोबाइलवाला पुढचा भाग सुरू करतो. आम्ही तीनदा मागे गेलो. चौथ्यांदा शबनमने बरोबर वेळेला बोट दाबलं आणि पडदा थांबला. मुंगीएवढ्या अक्षरांत, चहा देणाऱ्यांच्या थोडं वर, दर्शनाचं नाव होतं. नसीमाभाभी एकदा पडद्याकडे आणि एकदा दर्शनाच्या ताटाकडे बघत राहिल्या. "या अल्ला, हमारी दर्शना? और यहाँ बैठ के दाल-चावल खा रही है!" मला मात्र लाज वाटली. ज्या उडीला मी खोटं म्हणाले ती माझ्याच घरातली होती.

आता पत्र्याला लावलेल्या त्या हाताविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

आमच्या घरात एक रीत आहे. शेतातलं काहीही जड उचलायचं तर आधी मातीला हात लावायचा आणि तो कपाळाला लावायचा. भारा असो, पोतं असो की नांगर. आमचे आजोबा म्हणायचे, वजन तिचं आहे, तिला विचारून घ्यावं. मी लहानपणी दप्तर उचलतानाही करायचे आणि शाळेत मुली हसायच्या. आमच्यात हे कोणी शिकवत नाही, बघून बघून येतं. दर्शनालाही आलं. फक्त तिला ते डाव्या हाताने आलं, कारण पोर जन्माची डावरी.

दादाला ते कधीच खपलं नाही. "देवाच्या आनि मातीच्या कामाला डावा हात न्हाय," म्हणून तो ओरडायचा. बांधावर चार माणसांत ओरडायचा. ती सहा वर्षांची, डोळ्यांत पाणी, डावा हात पाठीमागे लपवून उजवा पुढे करायची. आणि मी तरी काय केलं? पहिली ते चौथी ती शाळेसाठी माझ्याकडे टेमघरला राहिली. मी शिकलेली, मारायची नाही. मी तिच्या डाव्या मुठीत खोडरबर धरायला द्यायचे, म्हणजे पेन्सिल आपोआप उजव्यात जाईल. त्या युक्तीचा मला केवढा अभिमान होता! वर्षभरात पोर उजव्या हाताने सुरेख लिहायला लागली. जेवणही उजव्याने आलं. सगळ्यांना वाटलं, गेली सवय. पण ती कुठे जाणार होती? दर्शना घाबरली की डावा हात पुढे यायचा. अंधारात भिंत चाचपायला डावा, कुत्रं अंगावर आलं तर डावा. कबड्डीत समोरच्या मुलींना तिचा अंदाज यायचा नाही तो ह्याचमुळे.

तर त्या छपरावर, कमरेला तार बांधून, खाली तीन मजल्यांची गल्ली असताना, ती खाली वाकली आणि हात लावला तो डावा. कोणी तिला सांगितलं नव्हतं. धावण्याआधी तिला राहवलं नाही एवढंच. दिग्दर्शकाला ते आवडलं आणि त्याने ठेवून दिलं.

आणि लोकांनी नेमकं तेच पकडलं. निळीचं काम करणारी नटी उजव्या हाताची. सगळ्या भागांत दार उघडते उजव्याने, मारते उजव्याने. मग चौथ्या भागात ती डावरी कशी झाली? कोणीतरी त्या हाताभोवती लाल गोल काढून फिरवला. कोणी म्हणालं, एवढी साधी चूक कळत नाही ह्यांना. कोणी त्यावर विनोद केले. काहींना तो नमस्कारच रुचला नाही, सुपरहिरोला कशाला हवं हे असलं? तर काहींनी लिहिलं, लेखकाला काय सुंदर सुचलंय. आणि उडी? उडीबद्दल बहुतेकांचं मत माझ्यासारखंच होतं. दर्शना जेवणाच्या सुट्टीत गोदामाच्या पायरीवर बसून हे सगळं वाचायची. मला म्हणाली, "आत्या, पहिल्यांदाच एवढ्या लोकांनी माझ्याकडे बघितलं. आणि बघितलं ते चुकलेलंच."

मला त्या अनोळखी माणसांचा इतका राग आला की मी उत्तर लिहायला बसले. चष्मा लावून अर्धं पान लिहिलं आणि तिने ते मला पाठवू दिलं नाही.

खरा पेच पुढेच होता. मालिका चांगली चालली होती, दुसऱ्या सत्राची तयारी सुरू झाली होती. उड्यांचं काम बघणाऱ्या माणसाचा दर्शनाला फोन आला होता की येणार असशील तर सोमवारपर्यंत कळव. पण एक अट, ह्या वेळी सगळं उजव्या हाताने, लोकांनी फार ओरड केलीय, जमणार नसेल तर दुसरी मुलगी बघतो. इकडे गोदामात तिला सुपरवायझर करायचं चाललं होतं. एका बाजूला अबोल बाप, दुसऱ्या बाजूला तो हात. "नाहीच म्हणते," ती म्हणाली. ते इतकं शांतपणे म्हणाली की मला खोडरबर आठवलं. त्या रविवारी मी खारबावला गेले ती कापणीच्या निमित्ताने, पण पिशवीत मोबाइल पूर्ण चार्ज करून.

काय दिवस असतात ते कापणीचे! ऊन अंगावर येतं पण बोचत नाही. कापलेलं भात शेतावर पसरलेलं, त्याला एक गोडसर वास, आणि त्या वासात शेजारच्या खाडीचा खारा वास मिसळलेला. पायाला धसकटं टोचतात. गळ्यात, बाह्यांत, नाकात सगळीकडे कूस जातं आणि मी शिंकत शिंकत सगळ्यांच्या कामात येते. वहिनी तांदळाच्या भाकऱ्या आणि जवळ्याची चटणी घेऊन येते. बांबूच्या सालीचे बंध पाण्यात भिजत घातलेले असतात, भारे बांधायला. दुरून एखादी गाडी जाते आणि पुन्हा विळ्यांचा आवाज ऐकू येतो. शाळेतली मी आणि तिथली मी ह्या दोन वेगळ्या बायका आहेत असं मला दरवर्षी वाटतं.

जेवणं झाली. दर्शना विहिरीवर पाणी आणायला गेली होती. दादा झाडाखाली लवंडला होता. मी मोबाइल पाण्याच्या कळशीला टेकवून उभा केला आणि म्हटलं, "दादा, जरा बघ, सगळी दुनिया बघतेय." तो कुरकुरला. निळी दार उघडून आत आली तेव्हा म्हणाला, "ही बाय काय भारा उचलनारी न्हाय."  मग छप्पर आलं. निळी खाली बसली, हात पत्र्याला, हात कपाळाला. दादा उठून बसला.

"परत लाव."

मी लावलं. त्याने मोबाइल हातात घेतला, उजेडाचं दिसेना म्हणून उपरण्याखाली धरला, स्वतःचं डोकंही आत घातलं.

"परत लाव."

तिसऱ्यांदा बघून झालं तेव्हा त्याने मोबाइल मला दिला. चेहरा झाकलेला, अंगावर परका पोशाख, आम्ही कोणी एक शब्द सांगितलेला नाही. "घाबरली व्हती पोर," तो म्हणाला. एवढंच. उठला आणि विळा घेऊन शेतात गेला. मी तिथेच बसून राहिले. मला वाटलं, झालं, आता हा कायमचा बंद झाला. पोरगी घाबरली होती हे बघून कुठला बाप पुन्हा पाठवेल? माझ्या आगाऊपणाने मीच वाट लावली, असं म्हणून मी स्वतःला भरपूर शिव्या दिल्या.

चारच्या सुमाराला भारे उचलायला सुरुवात झाली. मी बांधावरून बघत होते. दर्शना एका भाऱ्यापाशी बसली होती आणि सावकाश, मोजून मापून, मातीला उजवा हात लावत होती. लावायची, कपाळाकडे न्यायची, मान हलवायची, पुन्हा लावायची. तिचा डावा हात तिने ओढणीत गुंडाळून घेतला होता.

दादा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. "काय चाललंय?"

ती दचकली. मग बहुधा तिला वाटलं असावं, आता लपवून काय उपयोग. "बाबा, दुसऱ्या सत्राला बोलावलंय. पण उजव्या हाताने करायला सांगितलंय. लोकांनी चूक काढली. बघत होते, जमतं का. नाहीतर नाही म्हणणार आहे उद्या."

दादाने त्या ओढणीत गुंडाळलेल्या हाताकडे बघितलं. मग खाली बसला. ओढणीचा वेढा त्याने स्वतः सोडवला.

"त्यांना सांग, हात बदलायचा न्हाय," तो म्हणाला. "मी वीस वरसं बदलतोय, मना न्हाय जमला."

 दर्शनाने डावा हात मातीला लावला, कपाळाला लावला. भारा डोक्यावर चढवायला नेहमीच दुसरं माणूस लागतं. दादाने तो तिच्या डोक्यावर चढवला आणि ती बांधावरून खळ्याकडे निघाली. मी शिंकांच्या नावाखाली यथेच्छ रडून घेतलं. वहिनी म्हणाली, "शोभाताई, घरी जा बरं तुम्ही, लई तरास होतोय तुमाला." मी म्हटलं, होऊ दे.

सोमवारी तिने फोन केला. तो माणूस म्हणे आधी हसला, मग म्हणाला वर विचारतो. आठ दिवस काही नाही. ते आठ दिवस आमच्या घरात कोणी धड जेवलं नाही आणि नसीमाभाभींनी कुठली कुठली मन्नत मागितली. मग निरोप आला, ये, हात डावाच ठेव. ह्या वेळी हात लावताना नटीचा चेहराही दिसणार, तिच्याच तोंडाने कारण सांगणार, निळी एरवी उजवी आणि घाबरली की डावी. लोकांना म्हणे हे आवडेल. आवडेल, आवडणार नाही, लोकांचं मला आता काही सांगता येत नाही. लेखकालाच पुन्हा शाबासकी मिळणार हे मात्र मी लिहून देते.

आणि तरी, लोकांवरचा माझा राग कधीच ओसरला. त्या लाल गोल काढणाऱ्याला भेटले तर मी चहाच पाजीन. आम्ही सगळ्यांनी मिळून जो हात लपवला तो त्या अनोळखी माणसाने निदान बघितला तरी. परवा शाळेतून येताना बघते तर आमच्या गल्लीत शबनम आणि तिच्या मैत्रिणी गटारावरून उड्या मारत होत्या. प्रत्येक मुलगी आधी खाली बसते, जमिनीला डावा हात, मग कपाळाला. नसीमाभाभी दारातून ओरडल्या, "अरे उल्टा हाथ क्यों?" शबनम म्हणाली, "अम्मी, वो ऐसे ही करती है!" भाभी माझ्याकडे बघून हसल्या आणि आत गेल्या.

दादा आला. निळी ताडपत्री जिन्यात ठेवली, खुर्चीत बसला, बशीत चहा ओतला. इकडचं तिकडचं बोलत असतानाच माझा फोन वाजला. दर्शनाचा. चित्रीकरण चालू आहे, जेवायची सुट्टी झालीय. मी आवाज मोठा करून फोन टेबलावर ठेवला.

"आत्या, वैताग आलाय गं," ती हसत सांगत होती. "निळीच्या मॅडमना डावा हात लावायला शिकवतेय. तीन दिवस झाले, दर वेळी उजवाच जातो. आज मी जरा जोरातच बोलले त्यांना."

दादाने बशी खाली ठेवली आणि फोनकडे वाकला.

"बाय," तो म्हणाला, "वरडू नको तिच्यावर. मी वरडलो, काय उपेग झाला?"